निरोप पोचला का?

सरांना ‘सिग्नल’ हा शब्द चालत नसे. माझ्या पहिल्याच सेमिनारमध्ये मी ‘सेल सिग्नलिंग’ असं म्हणाले, म्हणजे फळ्याकडे तोंड करून पुटपुटले, तर मागच्या बाकावरून त्यांचा आवाज आला.

“सिग्नल चन्नम्मा सर्कलला असतोय. आन् तितंबी कोण थांबत न्हाय. पेशीत असतोय त्यो निरोप. काय?”

“निरोप,” मी म्हणाले.

“आता फळ्याला नको, आमाला सांग.”

बेळगावातल्या एका डेंटल कॉलेजात मी ओरल पॅथॉलॉजी शिकत होते आणि सर तिथले सगळ्यात जुने प्राध्यापक होते. आमचा विभाग तळघरात, जिन्याच्या खाली. वरच्या मजल्यांवर माणसं येतात. त्यांच्या तोंडातून काढलेला तुकडा बाटलीत घालून खाली आमच्याकडे येतो. त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि काय दिसलं ते लिहून वर पाठवायचं. माणसांशी बोलायचं काम कमी. हा विषय मी का घेतला असं मला कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

सर गुंजीचे. रोज सकाळी पॅसेंजरनं यायचे, संध्याकाळी पॅसेंजरनं जायचे. घरी शेती होती, आणि ती त्यांची थोरली बहीण बघत असे. फळ्यावर ते इंग्रजीत लिहीत, शिकवत मराठीत आणि रागवायचं झालं तर कन्नडमध्ये. “सुम्क कुंदर्री!” असं एकदा ओरडले की वर्ग गप्प बसायचा. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी होती, पण ती जेवायला वाढण्यापुरती आणि दूधवाल्यापुरती. विज्ञान मराठीत बोलता येतं हे मला सरांच्या वर्गात पहिल्यांदा कळलं, आणि तेही असं, की पुस्तकात दहा वेळा वाचून न समजलेली गोष्ट एका वाक्यात समजायची.

“पेशीला दारं असत्यात,” ते सांगत. “भाईरनं निरोप येतोय, वाढ म्हणून. दारावरचा त्यो ऐकतोय, आतल्याला सांगतोय. त्यो फुडच्याला. असं करत करत माजघरात पोचला की पेशी कामाला लागत्या. एकीच्या दोन होत्यात, जखम भरत्या. भरली की दुसरा निरोप, पुरे. आन् पेशी म्हातारी झाली, बिघडली, की तिनं आपणच निरोप घ्यायचा. गुमान आवरायचं, निघायचं. येणारा बी निरोप, घेणारा बी निरोपच. आपल्या भाषेनं सोय करून ठेवलीया की न्हाय? आता तंबाखू काय करतोय, तर दारावरच्याला बिघडवतोय. निरोप आलाच न्हाय तरी ह्यो आत वरडतोय, वाढा, वाढा! आन् जिला निरोप घेता येईना झालाय, ती गाठ. संपलं.”

मी वहीत एका निरोपापुढे बाण काढला आणि दुसऱ्यापुढे पूर्णविराम.

दारावरचा ‘त्यो’ म्हणजे एक प्रथिन. त्याच्या आतल्या बाजूला रास नावाचं आणखी एक प्रथिन असतं. निरोप पुढे द्यायचं त्याचं काम. तोंडाच्या कॅन्सरमध्ये काही वेळा तेच अडकून बसतं आणि सतत चालू राहतं. यावर सरांचा एक ठरलेला विनोद होता. “माणसाची रास बिघडली की त्यो ज्योतिषाकडं जातोय. पेशीची बिघडली की आपल्याकडं येतोय. आपण दक्षिणा घेत न्हाय, एवढाच फरक.” दर वर्षी नव्या बॅचला ते हे सांगत आणि स्वतःच आधी हसत.

उन्हाळ्यात गुंजीहून फणस यायचा. तो गाडीतून, मग रिक्षातून, मग शिपायाच्या खांद्यावरून आमच्या म्युझियममध्ये येई आणि तोंडाच्या रोगांच्या बरण्यांच्या मधोमध ठेवला जाई. ही पेशी. हे बाहेरचे काटे म्हणजे दारं. प्रत्येक काट्यावर हात ठेवून सर एकेका दाराचं नाव विचारत. “हितं कोण ऱ्हातंय?” उत्तर आलं नाही की पुढचा काटा. सगळी दारं झाली की हाताला तेल लावून फणस फोडायचा आणि माजघर खायचं. आठवडाभर विभागात तो वास भरून राही. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक नाकाला रुमाल लावून यायचे आणि जाताना गरे घेऊन जायचे.

स्लाइडवरच्या पेशीला ते ‘आक्का’ म्हणत. सगळ्याच पेशींना नाही, बिघडलेल्या पेशीलाच. “ही आक्का बघ कशी फुगून बसलीया.” “ह्या आक्काचं केंद्रक बघ, हिच्या कपाळापेक्षा कुंकू मोठं.” का म्हणतात ते कुणी विचारलं नव्हतं. एवढ्या गोष्टींत ही एक, म्हणून सोडून दिली होती. पुढे याच शब्दामुळे निपाणीकडच्या एका खऱ्या आक्कांचा जीव टांगणीला लागला.

त्याआधी त्यांच्या बॅटरीबद्दल सांगायला हवं. सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, एक छोटी बॅटरी असे. ती कुठेही बाहेर निघायची. उद्यमबागेत शिफ्ट सुटली की फाउंड्रीतले कामगार बसची वाट बघत उभे असतात. सर कधीकधी मुद्दाम तिकडे जात आणि एकेकाला म्हणत, “आ करा.” लोक करत. आपण का तोंड उघडतोय हे त्यांना कळायच्या आत उजेड घशापर्यंत गेलेला असे. कॉलेजात त्यांना मागून ‘आ-सर’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा वर्गात शिरताना एकानं चुकून तोंडावरच म्हटलं, तर सर म्हणाले, “मग कर की.”

आमच्या ऑफिसातल्या क्लार्कच्या मुलीचं लग्न निपाणीला होतं. सगळा विभाग गेलो होतो. पंगतीत सरांच्या समोर एक बाई बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी, चेहऱ्यावर हसू. जन्मभर तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की सर जेवायचे थांबलेत आणि बाईंच्या पानाकडे बघतायत. बाईंनी रश्श्यावर ताक ओतलं होतं आणि त्या एकाच गालानं चावत होत्या.

“तिकट लागतंय काय आक्का?”

“लागतंय बाबा. वय झालं.”

“वयाला तिकट लागत न्हाय. आ करा.”

पंगतीत! वाढपी भाताची परात घेऊन थांबला. आक्कांनी हातातला घास तसाच धरून आ केला. सरांनी पानांवरून वाकून गालात बॅटरी मारली. मी माझ्या पानातल्या लोणच्याकडे बघत राहिले.

“मिसरी लावतासा?”

“लहानपनापास्नं.”

“सोमवारी बेळगावला या. एक तुकडा घ्यायचाय.”

“पुरनपोळीचा?” आक्का म्हणाल्या, आणि अख्खी पंगत हसली.

पण सोमवारी त्या आल्या. वरच्या मजल्यावर त्यांच्या गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा काढला आणि बाटली आमच्याकडे खाली आली. काप मीच काढले.

सरांनी स्लाइड दोनदा बघितली. मग त्यांनी मला खुर्ची दिली. वरपासून खालपर्यंत सगळ्या थरांत पेशी बिघडलेल्या होत्या. पण तळाला एक पातळ रेघ असते, तिच्याखाली एकही उतरलेली नव्हती. ती रेघ ओलांडली की कॅन्सर. “अजून उंबऱ्याच्या आत हाय,” सर म्हणाले. आत्ता चट्टा काढून टाकला तर आक्का वाचल्या. थांबल्या, मिसरी चालू ठेवली, तर किती दिवस वाचल्या ते कुणी सांगू शकत नव्हतं.

रिपोर्ट घ्यायला आक्का आल्या, त्या दिवशी सकाळी आमच्या खोलीत शिकवणं चालू होतं. त्यांना कुणीतरी दाराबाहेरच्या बाकड्यावर बसवलं. दार उघडं होतं. आत सर त्यांचीच स्लाइड लावून सगळ्या बॅचला दाखवत होते. दारं दिसावीत म्हणून तिला तपकिरी रंग लावला होता. डाग जिथे गडद, तिथे दारं जास्त झालेली. आणि शिकवताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच जिन्यापर्यंत जात होता.

“बघा, बघा हिला! ह्या आक्कानं कवाच निरोप घ्यायला पायजे हुता! घेतला काय? न्हाय! बसलीया चिकटून! आजूबाजूच्यांनी तरी द्यावा की न्हाय हिला निरोप!”

आम्ही सगळे मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलो होतो. तास संपल्यावर मी बाहेर आले, तर बाकडं रिकामं. रिपोर्ट आत टेबलावरच होता.

सरांनी आक्कांच्या मुलाला फोन लावला. त्यांना फोन कानाला लावायची सवय नव्हती, स्पीकरवर ठेवून ते त्याच्यावर ओरडत. त्यामुळे हे संभाषण मी शब्दन् शब्द ऐकलं.

“आईंना निरोप मिळाला काय?”

“मिळाला की सर.” आवाज जड होता. “लई नीट मिळाला.”

“कुणी सांगितलं? बरं, ऱ्हाऊ दे. मग काय म्हंत्यात?”

“काय म्हननार. तयारी चाललीया.”

“झ्याक! घाबरू नका म्हणावं. तयारी करा आन् येऊ द्या.”

पलीकडून प्रश्न आला, “कोण येऊ द्या?”

“आक्का!”

फोन बंद झाला. “निपाणीला रेंज नसत्या,” सर म्हणाले आणि खुश होऊन चहाला गेले. कुणीतरी वरच्यांपैकी रिपोर्ट समजावून सांगितला असणार, अशी त्यांची खात्री झाली होती. ऑपरेशनची तयारी चालली आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात गेलं.

आक्का आल्या नाहीत. पुढच्या सोमवारीही आल्या नाहीत. सर रोज सकाळी आल्याआल्या दारातूनच विचारायचे, “निरोप?” आणि मी नाही म्हणून मान हलवायची. ते स्लाइड पुन्हा लावायचे, तळाच्या रेघेवरून हळूहळू सरकवत न्यायचे. जणू रोज सकाळी ती रेघ तिथेच आहे ना, ते बघत होते. स्लाइडवरची रेघ तिथेच राहणार होती. आक्कांच्या गालातली कुठे होती, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. “तू लाव.”

अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे मी आधी मनात वाक्यं जुळवते. आक्कांची सून फोनवर आली तेव्हा मी जुळवलेलं पहिलं वाक्य म्हणाले. “सरांचा निरोप द्यायचा होता.”

“आता आनि किती येळा देतासा, बाई?” ती म्हणाली. “एकदा दिलासा की. आमच्या आत्तींनी तितं बाकड्यावर बसून आपल्या कानानं ऐकला. ह्या आक्कानं कवाच निरोप घ्यायला पायजे हुता म्हनं. चिकटून बसलीया म्हनं. एवढं म्हातारं मानूस, असं बोलत्यात व्हय? लेकी भेटून गेल्या, लुगडी वाटून झाली. मिसरी सोडली हुती, ती बी परत लावायला लागल्यात. जायचंच हाय तर लावू द्या म्हंत्यात.”

मी फोन ठेवला. मी ज्याला बाण आणि पूर्णविराम काढले होते, तो शब्द घराघरांत कसा ऐकला जातो ते मला तेव्हा कळलं. सरांना सगळं सांगायला मला चार वाक्यं लागली. माझ्या मानानं ते भाषणच होतं.

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, “निरोप पोचला. चुकीच्या दाराला पोचला.”

आणि उठले. “चल.”

बस स्टँडवर निपाणीची गाडी लागलेलीच होती. हत्तरगी मागे पडलं. संकेश्वरला कंडक्टर तिकिटं तपासत आला, तर त्याचे दात बघून सरांचा हात सवयीनं खिशात गेला.

“आ करा.”

“सर, आधी तिकीट दाखवा.”

“दाखवतो. गुटखा?”

“कवातरी.”

“कवातरी म्हंजे रोज.” पण बॅटरी त्यांनी परत खिशात ठेवली. असं मी पहिल्यांदाच बघितलं. तवंदीच्या घाटात त्यांचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते जुळवत होते. म्हणजे हे त्यांनाही करावं लागतं तर, असं माझ्या मनात आलं.

इथे मला वर्गातला एक खेळ सांगायला हवा. सर आम्हाला ओळीनं उभं करत, दारापासून कपाटापर्यंत. पहिल्याच्या कानात ते निरोप सांगत, तो पुढच्याच्या कानात, तो त्याच्या पुढच्याच्या. कपाटाजवळचा म्हणजे माजघर. त्यानं निरोप ऐकला की तोंडानं नवीन पेशी मोजत सुटायचं. ओळीच्या बाजूला एक पहारेकरी असे. पेशीत हे काम करणाऱ्या प्रथिनाचं नाव पी-फिफ्टी-थ्री. काही बिघडतंय असं दिसलं की त्यानं मोठ्यानं ‘थांबा!’ म्हणायचं. सर मला दर वेळी पहारेकरी करत. “बोलणारा वॉचमन काय कामाचा? बघणारा पायजे. पण एकदा त्यानं बोललं पायजे.” ओळीत मधेच कुणीतरी मुद्दाम चुकीचा निरोप द्यायचा, मला दिसायचं, शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथेच राहायचा. माजघरवाला मोजतच सुटे. सर टाळ्या वाजवून म्हणत, “झाली गाठ! पहारेकरी बिनकामाचा निघाला की काय होतंय बघा!” ते रागवत नसत. पुढच्या वेळी पुन्हा मलाच उभं करत.

आक्कांच्या घराच्या सोप्यात तंबाखू रचून ठेवला होता. आत पाऊल टाकताच मला शिंका सुरू झाल्या. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगावर चांगलं लुगडं, भोवती भावकीतल्या बायका. मिसरीची डबी मांडीवर. सरांना बघून त्या उठल्या नाहीत.

“आला व्हय डाक्टर? अजून हाय मी. चिकटून.”

“आक्का, चुकलं,” सर उभ्याउभ्याच म्हणाले. “त्यो निरोप तुमचा न्हवता.”

“मग कुनाचा?”

“पेशीचा. म्हंजे तुमच्याच, पण तुमचा न्हवं. तुमच्या गालातली पेशी. तिला दार असतंय. दारावर निरोप येतोय. तुमच्या पेशीला निरोप नसताना बी निरोप येतोय, आन् तिनं निरोप घ्यायचा तर ती निरोप घेईना झालीया, म्हणून मी म्हटलं…”

जितक्या वेळा त्यांनी तो शब्द उच्चारला, तितक्या वेळा कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. मग दुसरीनं लावला. सून आतून पाणी घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. सर घामाघूम झाले होते आणि जमिनीवर बोटानं पेशीचं चित्र काढायला खाली बसत होते. आक्कांनी डबीचं झाकण उघडलं.

“थांबा!”

कोण ओरडलं म्हणून मीही इकडेतिकडे बघितलं. सर अर्धवट वाकलेले तसेच राहिले.

“सर, तुम्ही थांबा,” मी म्हणाले. मग आक्कांकडे वळले. मधे एक शिंक आली, ती येऊ दिली. “आक्का, तुम्हाला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण थोडं झालंय. गालात चट्टा आहे. आत्ता काढला तर त्याची गाठ होणार नाही. नाही काढला तर होईल. ती डबी ठेवा. सोमवारी या.”

आक्कांनी माझ्याकडे खालून वर बघितलं.

“हिला बोलायला येतंय व्हय? लग्नात मला वाटलं मुकी हाय.”

बायका हसल्या. आक्का नाही हसल्या. त्यांनी सरांकडे बोट केलं.

“मग हे डाक्टर आक्का आक्का करून वरडत हुते ती कोन?”

“पेशी,” सर म्हणाले.

“पेशीला आक्का म्हंता?”

“म्हंतो.”

“का?”

सर आता खाली मांडी घालूनच बसले. “आमच्या गुंजीच्या घरात माझी आक्का हाय. सगळ्यास्नी तिनंच वाढवलं, आन् ती कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय. कुणी म्हटलं पुरे, तर आनि वाढत्या. ही पेशी बघितली की मला तीच आठवत्या.”

“जित्ती हाय?”

“हाय की! आज भात मळायला गड्यांच्या मागं लागलीया.”

आता आक्का हसल्या. खूप हसल्या, इतक्या की गालातलं दुखलं आणि त्यांनी हात गालावर ठेवला. ते हसू आणि तो हात एकदमच थांबले. हळू आवाजात त्यांनी विचारलं, “खरं सांगा. जायचं न्हाय मला?”

“जायचं न्हाय. यायचंय,” सर म्हणाले.

“पन तुमी निरोप दिलासा. लेकींच्या समोर लुगडी वाटली मी. आता त्यो मागं कसा घ्यायचा?”

सरांनी विचार केला. मला वाटलं आता परत पेशीत शिरणार. पण ते म्हणाले, “आक्का, तुमच्याकडं पावणा निघाला की काय म्हंता? जा म्हंता?”

“जा कोन म्हनंल? या म्हंतो की.”

“मग मी ‘या’ म्हटलो हुतो काय?”

“न्हाय.”

“‘या’ म्हटल्याबिगार निरोप पुरा होतोय?”

आक्कांनी डोळे बारीक केले. हा मुद्दा त्यांना पटत असल्याचं दिसत होतं, पण इतक्या लवकर पटू द्यायचा नव्हता. “मग म्हना आता.”

सर उभे राहिले. हात जोडले. आणि भर सोप्यात, तंबाखूच्या ढिगाशेजारी, म्हणाले, “या आक्का. सोमवारी या.”

“येते,” आक्का म्हणाल्या आणि मिसरीची डबी सुनेकडे सरकवली. “आन् त्या थोरलीला फोन लाव. म्हनावं हिरवं लुगडं परत दे.”

त्या आल्या. वरच्या सर्जननी चट्टा आजूबाजूच्या कडेसकट काढला. कडा मी तपासल्या, मग सरांनी तपासल्या, मग परत मी. सगळीकडे तळाची रेघ शाबूत होती. त्यानंतर आक्का तपासणीला येत राहिल्या. आधी लवकर लवकर, मग अंतर वाढत गेलं. डबी अजून त्यांच्या कनवटीला असते, पण आत बडीशेप असते. माझी ओळख त्या ‘थांबा म्हननारी’ अशी करून देतात.

सरांनी पेशीला आक्का म्हणणं सोडलं नाही. फक्त त्याआधी उठून दाराबाहेरच्या बाकड्यावर कोण बसलंय ते बघून येत आणि मग दार लावून म्हणत. एकदा बाकड्यावर बाई दिसल्या, तर पूर्ण तासभर ते त्या पेशीला ‘ही हितली’ म्हणत राहिले.

शिक्षण संपल्यावर मी त्याच विभागात शिकवायला लागले. सरांचं निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा व्यवस्थापनानं त्यांना आणखी काही वर्षं राहायला सांगितलं. ते नको म्हणाले. विभागप्रमुखांनी सांगून बघितलं, मुलांनी सांगून बघितलं. शेवटी विभागप्रमुख माझ्याकडे आले. “तू सांग. एकदा तू ‘थांबा’ म्हणालीस तर थांबले होते ना?” ती गोष्ट एव्हाना सगळ्या कॉलेजला ठाऊक होती, थोडी वाढवलेली.

मी सरांकडे गेले, पण ते माझ्या आधीच बोलले. “निरोप घेऊन आलीस व्हय?”

मी हो म्हणून मान हलवली.

“अगं, रोज सांगतोय मी पोरांस्नी, येळ झाली की निरोप घ्यायचा. आन् मीच चिकटून बसलो, तर उद्या तूच तपकिरी रंग लावून बघशील मला.” मग जरा थांबून म्हणाले, “गुंजीची आक्काबी लई दिवस बोलवाय लागलीया. भात एकटीनं होत न्हाय म्हंत्या. तिनं असं कधी म्हटलं न्हवतं.”

समारंभ वरच्या हॉलमध्ये झाला. भाषणं झाली, शाल झाली. मी काही बोलले नाही, कुणी सांगितलंही नाही. सगळं संपल्यावर सर हार हातात घेऊन खाली विभागात आले, बॅटरी टेबलावर राहिली होती ती घ्यायला. बाकड्यावर आक्का बसल्या होत्या, हिरव्या लुगड्यात. तपासणीची तारीख त्यांनी मुद्दाम हीच मागून घेतली होती.

“आ करा,” सर म्हणाले. आक्कांनी केला. उजेड गालात गेला, सगळीकडे फिरला. गुलाबी, स्वच्छ. कडेला टाक्यांची एक फिकी रेघ.

“काय न्हाय.”

“काय न्हाय न्हवं? मग डाक्टर,” आक्का तोंड पुसत म्हणाल्या, “आता तुमी घ्या निरोप. आज कोन रडायचं न्हाय.”

सर इतके हसले की हार खाली पडला. तो उचलून त्यांनी बाकड्यावर ठेवला, बॅटरी खिशात घातली. “येतो आक्का.”

“या.”

ते जिन्याकडे निघाले. पॅसेंजरची वेळ झाली होती. दोन पायऱ्या चढले, मग वळून माझ्याकडे बघितलं, काहीच न विचारता. वर्गात ओळीच्या बाजूला मला उभं करून बघायचे, तसंच.

विभागप्रमुख माझ्या मागेच उभे होते. मी काय म्हणावं अशी त्यांची इच्छा होती, ते मला ठाऊक होतं. तो शब्द मला आता येतही होता.

“या सर,” मी म्हणाले. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“पोचला,” सर म्हणाले, आणि गेले.